दगड क्रमांक पाच: गावच्या वीरगळांच्या नोंदी

रविवार, १९ नोव्हेंबर २०२३

आज वर्ल्ड कपची फायनल. दुपारी दोनच्या आत सगळं गाव टीव्हीपुढं जाऊन बसलं आणि मारुतीचा पार मोकळा झाला. एरवी मोजायची टेप काढली की दहा माणसं गोळा होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "पोस्टमन, धन घावलं का?" आज कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

पारावर सात दगड ओळीनं उभे आहेत. गावात कुणी त्यांना 'वीर' म्हणतं, कुणी 'देव'. शेंदूर, तेल आणि पूर्वी कधीतरी मारलेला चुना. गेली बावीस वर्षं मी इथून सायकल आणि नंतर मोटारसायकल दामटत टपाल वाटतोय. एकदाही थांबून पाहिलं नव्हतं. दिवाळीत पुण्याला भाच्याकडं गेलो, त्यानं वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड हे सांगितलं, आणि परत आल्यावर हे दगड वेगळेच दिसायला लागले.

आजची मोजणी: सातही दगडांची उंची, रुंदी, जाडी, तोंड कुठल्या दिशेला, किती चौकटी. फोटोत प्रत्येक वेळी शाळेची पट्टी ठेवली. चार वाजल्यानंतर ऊन आडवं झालं आणि दुपारी सपाट वाटणारी शिळा उठून आली. दगडावर पीठ, खडू, तेल काहीही लावायचं नाही. फक्त उजेड हवा, तोही तिरका.

सगळ्यात चांगला दगड क्रमांक ५. उंची जमिनीपासून १ मीटर १२ सेंटिमीटर, रुंदी ४६. माथा तुटलेला. खालची चौकट निम्मीअधिक सिमेंटच्या ओट्यात गाडली गेली आहे. वर फक्त ओळीनं पाठी दिसतात, घोड्यांच्या की गाईंच्या ते कळत नाही.

घरी आलो तेव्हा मॅच हातातून गेली होती. कुणी बोलायच्या मनःस्थितीत नव्हतं, त्यामुळं माझी बडबडही वाचली.

रविवार, ३ डिसेंबर २०२३

टपालाच्या फेरीचा फायदा असा की वस्त्यांवर जायला निमित्त लागत नाही. पासबुक द्यायचं, अंगठा घ्यायचा, पाणी प्यायचं आणि विचारायचं, "तुमच्याकडं असा चित्राचा दगड आहे का कुठं?" दोन आठवड्यांत आणखी चार निघाले. एक विहिरीच्या थारोळ्यात आडवा बसवलेला. एक बांधावर, त्याला म्हसोबा म्हणून दर अमावास्येला नारळ फुटतो. एक गोठ्याच्या उंबऱ्याला. चौथा चिंचेखाली, त्यावर पोरं बसून मोबाईल बघतात.

एकूण ११.

वाचायची रीत आता अंगवळणी पडली आहे. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. त्यावर लढाई, ढाल-तलवार, कधी घोडा. त्याच्या वर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला उचलून नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी. माथ्यावर कळस, आणि चंद्र-सूर्य. जुन्या दानपत्रांत 'आचंद्रार्क' म्हणतात तेच हे, चंद्र-सूर्य आहेत तोवर याचं नाव राहावं म्हणून कोरलेलं. गंमत म्हणजे आमच्या अकराही दगडांवर नाव कुणाचंच नाही.

आपल्याकडचे बहुतेक वीरगळ असेच मुके. लढाई कुठली ते चित्रावरूनच ओळखायचं. बोरिवलीच्या एक्सरच्या वीरगळांवर तर समुद्रातली लढाई आहे, वल्ही मारणाऱ्यांसकट जहाजं कोरलेली. आमच्या कोरड्या शिरूर तालुक्यात जहाज कुठून येणार? इथं भांडण व्हायचं ते गुरांवरून आणि पाण्यावरून. अजूनही तसंच आहे.

रविवार, २४ डिसेंबर २०२३

दोन चुका दुरुस्त केल्या. खोडून नव्हे, लाल शाईनं बाजूला लिहून, म्हणजे चूक कशी झाली तेही राहतं.

एक: दगड क्र. ३ मी 'सतीशिळा' म्हणून लिहिला होता. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो, आणि मला हात दिसला होता. आज पहाटे गारठ्यात बॅटरी घेऊन गेलो. उजेड डावीकडून, जमिनीला टेकवून. हात आहे, पण बांगडी नाही. मुठीत तलवार आहे आणि तिचं पातं शेंदराखाली दडलंय. म्हणजे तोही वीरगळच.

दोन: वहीच्या पहिल्या पानावर मी ऐटीत 'यादवकालीन' लिहून ठेवलं होतं. कशावरून? भाचा म्हणाला म्हणून. लेख नाही, सोबत देऊळ नाही. वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळात पुष्कळ उभे राहिले हे खरं, पण उभारायची रीत त्यानंतरही कित्येक पिढ्या चालूच होती. आता तिथं लिहिलंय: 'काळ ठरवण्याजोगा पुरावा दगडावर नाही.' गावातल्या एका जाणत्यांना हे आवडलं नाही. त्यांच्या हिशेबात गावात काळा दगड दिसला की तो हेमाडपंती, आणि त्याहून जुना असला तर पांडवांनी एका रात्रीत केलेला. मधलं काही नाहीच.

एकानं गाढवाचा दगड दाखवतो म्हणून तीन किलोमीटर चालवलं. गधेगाळ असेल या आशेनं गेलो. गधेगाळीवर गाढवाच्या चित्रातून दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेली असते आणि कधी कधी लेखही असतो. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध जुना मराठी लेख अशाच दगडावर आहे. प्रत्यक्षात निघाला घोडा, तोही मान तुटलेला. मान नसली की घोड्याचं गाढव व्हायला वेळ लागत नाही.

सोमवार, १५ जानेवारी २०२४

संक्रांत. तिळगूळ घ्यायला मळ्यातल्या आजींकडं गेलो. वय ऐंशीच्या पुढं, कान तल्लख. फोनवर दगड क्र. ५ चा फोटो दाखवला. आजींनी पदरानं स्क्रीन पुसली आणि म्हणाल्या, "ह्यो पारावरचा न्हवं रं. ह्यो आमच्या टेपाडावरचा."

मी वही काढली. त्यांचं बोलणं जसंच्या तसं:

"बाहत्तरच्या दुष्काळात तळ्याचं काम निघालं. आमी समद्या बाया खडी फोडायला. सुकडी मिळायची, तांबडी मिलो मिळायची. टेपाडावर दोन देव व्हते. आमची गुरं पयल्यांदा याली की पयलं दूध त्येच्यावर घालायचो. तळ्यात बुडतील म्हनून मामंजींनी आन् चार गड्यांनी एक गाडीत घालून पाराव नेला. दुसरा फुटला व्हता."

"दुसरा कुठं गेला आजी?"

"आता काय सांगू बाबा. दगडाला कोन ध्यान देतंय दुष्काळात."

घरी येईपर्यंत एकच विचार डोक्यात. मी ११ दगड मोजले, उंची लिहिली, दिशा लिहिली. क्र. ५ पूर्वेला तोंड करून आहे हे तर दोनदा अधोरेखित केलं होतं. ती दिशा १९७२ साली चार गड्यांनी ठरवली होती! त्यांना पार पूर्वाभिमुख वाटला म्हणून दगडही तसाच लावला. आता तक्त्यात दोन नवे रकाने: 'मूळ जागा' आणि 'कुणी सांगितलं'. अकरापैकी नऊ दगडांपुढं पहिला रकाना रिकामा राहतो. ते पाहून जरा वाईट वाटलं.

शनिवार, १० फेब्रुवारी २०२४

आज सुट्टी टाकली. आजींच्या नातवाबरोबर त्यांच्या घरातली पत्र्याची पेटी उघडली. आत हस्तलिखित सातबारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, आणि जमिनींच्या एकत्रीकरणाच्या वेळचा उतारा. आता जो गट नंबर आहे त्यात आधीचे तीन सर्वे नंबर मिसळलेत. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. ऑनलाईन उताऱ्यात तो कोरा आहे. जुन्या हातच्या उताऱ्यात मात्र तळ्याच्या बाजूच्या तुकड्यापुढं कुण्या तलाठ्यानं बोरूसारख्या जाड अक्षरात लिहिलंय: 'गाईचा माळ'.

नातू एकदम उत्साहात आला. मी त्याला आवरलं, आणि स्वतःलाही. गाईचा माळ हे नाव नुसत्या गायरानावरूनही पडतं. वीरगळाशी त्याचा संबंध लावायचा तर आधी क्र. ५ च्या तळाशी असलेल्या पाठी गाईंच्या आहेत हे दिसलं पाहिजे.

संध्याकाळी परत पारावर. तिरक्या उजेडात सिमेंटच्या कडेला डोळा लावला. सलग चार पाठींवर मानेमागं उंचवटा आहे. वशिंड! घोड्याला वशिंड नसतं. तरी तक्त्यात 'बहुधा गुरे' एवढंच लिहिलं. डिसेंबरातली लाल शाई अजून वाळलेली नाही.

गुरांसाठी मेलेल्या वीराचे असे दगड महाराष्ट्रात जागोजाग आहेत. गुरं वळवून न्यायची हीच लूट होती आणि ती सोडवताना पडलेल्या माणसाचा दगड व्हायचा. पुढं त्या दगडाचा म्हसोबा होतो, दूध मिळायला लागतं, नाव विसरतं. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पेशानं गणिती. पण पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि पायवाटा तुडवून त्यांनी असलेच शेंदूर फासलेले देव पाहिले आणि लोक अजून काय करतात त्यावरून मागचं शोधलं. हौशी माणसाला याहून मोठा आधार कुठला?

शुक्रवार, ८ मार्च २०२४

महाशिवरात्र. देवळात बैठक झाली. जीर्णोद्धाराची वर्गणी उरली आहे, त्यातून पारावरच्या 'देवांना' ऑईल पेंट मारायचा असं ठरत होतं. शरीर गुलाबी, मिशा काळ्या, तलवार चंदेरी. नमुना म्हणून शेजारच्या गावचा फोटोही फिरवला.

मी भाषण केलं नाही. केलं असतं तर रंग नक्की लागला असता. फोनवर बॅटरीच्या उजेडातले फोटो काढून म्हाताऱ्यांच्या हातात दिले. तलवारीची मूठ, घोड्याचा लगाम, अप्सरेच्या हातातली माळ. गुरवकाका बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "रोज आंघोळ घालतो मी यांना. ही माळ मला ठावं नव्हती." रंग बसला की हे सगळं बुजेल एवढंच मी बोललो.

शेंदूर काढायला मात्र सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच २०२२ साली उतरवलं, पण ते देवस्थान, जाणकार आणि पुजारी सगळे मिळून. पोस्टमननं घासणी घेऊन करायचं काम नाही ते.

निर्णय: रंग पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब. वर्गणीतून पंखा.

सोमवार, १३ मे २०२४

मतदान. सकाळी सातला बोटाला शाई लावून घेतली आणि तळ्यावर गेलो. तळं पार आटलंय. तळाला भेगा, मधोमध थोडा चिखल, आणि दक्षिणेच्या अंगाला जमिनीपासून हातभर उचललेला उंचवटा. आजींचं टेपाड हेच असणार. नातवाच्या फोनवरून आजींना व्हिडिओ दाखवला. "त्येच. कडंला बाभळ व्हती." बाभळीचं खोड गाळातून अजून डोकं काढून आहे.

उंचवट्यावर मोठे धोंडे अर्धवर्तुळात आहेत. मधल्या जागेत दोन खळगे, एकाच्या तळाशी बसवलेले चिपेचे दगड. उभा दगड रोवताना असा आधार देतात. खणलं नाही. खुरपंसुद्धा नेलं नव्हतं, मुद्दाम. परवान्याशिवाय असं उत्खनन करायचं नसतं, आणि परवाना असता तरी मी केलं नसतं. मला खणता येत नाही. माती कुठल्या थरातून निघाली ते न लिहिता खड्डा पाडणं म्हणजे वाचायच्या आधीच पत्र फाडणं, आणि पत्रांच्या बाबतीत तरी माझा शब्द गावात चालतो.

पृष्ठभागावर खापराचे तुकडे, काचेच्या बांगडीचे तीन तुकडे, एक तांबूस गारगोटी. फोटो, जीपीएस, परत जागेवर.

सोमवार, २० मे २०२४

गाळ काढायला जेसीबी आला. गाळयुक्त शिवारची योजना, शेतकऱ्यांची ट्रॅक्टरची रांग. गाळ निघालाच पाहिजे, माझ्या स्वतःच्या चुलत्याच्या शेतात चार ट्रॉल्या गेल्या. पण खोऱ्याचं तोंड टेपाडाकडं होतं.

सरपंचबाईंना फोन केला. त्या आल्या, चिखलात चप्पल हातात घेऊन. पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती जागा सोडायची?" मी म्हणालो दोन गुंठे. ड्रायव्हर म्हणाला त्यात गाळ नाहीच, मुरूम आहे, तसंही तिथं घालणार नव्हतो. आठवडाभर माझी झोप उडाली होती ती एका वाक्यात मिटली. चुन्याची रेघ मारली. फोटो, नकाशा आणि एक पानी अर्ज राज्य पुरातत्त्व विभागाला रजिस्टर एडीनं. स्वतःच बुक केला, पावती स्वतःच स्वतःला दिली.

खापरांचे फोटो भाच्यानं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलेल्या एका मैत्रिणीला दाखवले. आमच्याच तालुक्यात घोड नदीवर इनामगाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं खणलं, ताम्रपाषाण, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायच्या काळातली घरं सापडली, आणि चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस. त्यामुळं तालुक्यात कुणालाही खापर सापडलं की ते थेट इनामगावचं असतं. तिथलं जोर्वे पद्धतीचं खापर पातळ, तांबडं, वर काळी नक्षी, टिचकी मारली तर खणखणीत वाजतं. माझी सगळी जाड, काळपट, मुकी. उत्तर आलं: अलीकडची, दोनतीनशे वर्षांच्या आतबाहेरची, रोजच्या वापरातली मडकी. गारगोटीही हत्यार नाही, नुसती गारगोटी. तसं लिहून टाकलं.

रविवार, २ जून २०२४

धुणं धुवायच्या दगडाची नोंद.

ओढ्याच्या खालच्या अंगाला बायका कपडे आपटतात तिथं चार दगड आहेत. त्यातला एक कडेला निमुळता. पत्नी म्हणाली, "त्याच्या पोटाला नक्षी आहे, साबणाचा हात फिरवताना लागते." तीस वर्षं ती तिथं धुणं धुतेय आणि मी सहा महिने गावभर हिंडतोय. घरात विचारायचंच राहिलं.

दोघातिघांनी पहारीनं उलटा केला. कळस! दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य, खाली शिवलिंगाची अर्धी चौकट, पुजाऱ्याचं डोकं. क्र. ५ चा हरवलेला माथा सापडला म्हणून मी तिथंच ओढ्यात बसलो.

मग मोजलं. रुंदी ३९ सेंटिमीटर. क्र. ५ ची ४६. वीरगळ वर थोडा निमुळता होतो, तेव्हा रुंदीचं एक वेळ समजू शकतं. पण जाडी २१ आणि तिकडं १४. शिवाय क्र. ५ वर शिवलिंगाची चौकट पूर्ण शाबूत आहे, तुटलाय तो त्यावरचा भाग. एका वीराला दोन शिवलिंगं कशी असतील? जुळत नाही. जुळावं म्हणून तीनदा मोजलं, तरी नाही.

संध्याकाळी आजींकडं. "दुसरा फुटला व्हता" असं त्या संक्रांतीलाच म्हणाल्या होत्या, मी वहीत लिहिलंही होतं. टेपाडावर खळगेही दोनच. तो दुसरा हाच का, हे त्याचा खालचा भाग सापडल्याशिवाय म्हणता यायचं नाही. नोंद: दगड क्र. १२, माथ्याचा तुकडा, सापडला ओढ्यात, मूळ जागा टेपाड असण्याची शक्यता.

बायकांनी अट घातली. दगड न्या, पण त्या जागी तेवढाच सपाट दुसरा आणून द्या. दिला.

बुधवार, २ ऑक्टोबर २०२४

मध्ये चार महिने नोंद नाही. पाऊस, पेरण्या, लाडकी बहीणची खाती. पोस्टात उभं राहायला जागा नव्हती.

आज गांधी जयंतीची ग्रामसभा आणि आमचा भाद्रपदी पोळा एकाच दिवशी. सभेला बैलवाले घाईत, म्हणून विषय पटकन झाले. ठराव: पारावरच्या दगडांना रंग लावायचा नाही, क्र. १२ पारावर ठेवायचा, टेपाडाची दोन गुंठे जागा गाळ काढताना सोडायची. एकानं विचारलं, क्र. ५ परत टेपाडावर न्यायचा का? आजींचा नातू म्हणाला, पावसाळ्यात बुडेल. गुरवकाका म्हणाले, पन्नास वर्षं आंघोळ घातली, आता कुठं नेता. तिथंच राहील. मूळ जागेची पाटी लागेल, एवढंच.

सिमेंटचा विषय मात्र ओट्यावरच सुटला. विभागाच्या माणसानं पाहणीला आल्यावर सांगून ठेवलं होतं की मशीन लावू नका, दगडाला लागून दोन बोटं सोडा. गावचे वडार मामा टाकी-हातोडी घेऊन सकाळपासून बसले होते. बाहेरून थोडं थोडं उडवत आले. दुपारी तीनच्या सुमारास दगडालगतची दोन बोटांची पट्टी आपोआपच सुटून हातात आली. तिच्या आतल्या बाजूला खुरांचे ठसे उमटलेले.

मिरवणूक पारापाशी आली तेव्हा मामा अजून कुंचल्यानं माती झाडत होते. झुली घातलेले बैल, हलगी, गुलाल. आजींना खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांनी वाकून पाहिलं आणि बोटानं मोजायला लागल्या. मी त्यांच्या मागं उभा राहून लिहून घेतलं.

दगड क्र. ५, तळाची चौकट, सुधारित: गाई सात. शेवटच्या गाईला वासरू लुचतंय. वीर त्यांच्या पुढं आडवा, डोकं डावीकडं. 'बहुधा' खोडलं.